‘राहू द्या’ म्हणालीस ते

काल संध्याकाळी तुझ्या मॅडम येऊन गेल्या, कुमुद. घाटकोपरहून आल्या, आपले जिने चढून दम लागला होता, तरी पाण्याचा पेला हातात घेण्याआधी तुझ्या फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तुझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी तरी लहान असतील. तू त्यांना मॅडम म्हणायचीस, त्या तुला कुमुदताई म्हणायच्या, आणि दोघींनाही त्यात काही विचित्र वाटत नसे. सुरुवातीला मलाच वाटायचं.

त्या तुझ्या प्रोजेक्टसाठी आल्या होत्या. वेगवेगळ्या कॉलेजांतली मुलं आपापलं संशोधन वाचून दाखवतात ती सभा आता जवळ आली आहे. तिथे तुझं काम तुझ्या नावाने वाचायचं त्यांच्या मनात आहे. मी म्हटलं, दुसरी फेरी अर्धीच झालीय. त्या म्हणाल्या, त्याची काळजी नको, वर्गातल्या दोन मुली उरलेल्या बायका करून देतील, आकडे पुरे होतील. फक्त निष्कर्ष काय लिहायचा तेवढं तुम्ही सांगा, कारण गणित तुम्हीच बघत होतात. हेतू चांगलाच होता. मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्यावर स्वयंपाकघरातून तुझा आवाज यायला हवा होता, की ह्यांचं ‘विचार करून सांगतो’ म्हणजे नाही समजा.

पण या खेपेस ते ‘नाही’ नाही. खरोखरच ठरवता येत नाहीये. आकड्यांशी खरं वागलो तर तुला खोटं पाडल्यासारखं होतं, आणि तुझ्या बाजूने लिहिलं तर आकडे खोटे पडतात. असल्या पेचात ज्या एका माणसाला विचारलं असतं ते माणूस तूच. म्हणून तुलाच लिहितोय.

कॉलेज पुन्हा सुरू करायचं तू ठरवलंस तेव्हा मीनाची दहावी नुकतीच झाली होती. जेवताना म्हणालीस, मी फॉर्म आणलाय. मी विचारलं, कशाला? वाद म्हणून नव्हे, माहिती म्हणून. तू भात वाढता वाढता म्हणालीस, "राहून गेलंय म्हणून." लग्न झालं तेव्हा तुझं एक वर्ष झालं होतं आणि पुढचं राहिलं होतं. त्याला अठरा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात तू त्याचा एकदाही उल्लेख केला नव्हतास. मी समजत होतो, विषय संपलाय.

मला वाटलं होतं तू मराठी घेशील, फार तर इतिहास. तू मानसशास्त्र घेतलंस. "मन मोजतात म्हणे तिथे," तू म्हणालीस. "तुम्हाला आवडेल." मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला. गोळ्यांच्या बॅचमधून नमुने काढायचे, वजनं घ्यायची, सरासरी आणि विचलन काढायचं, बॅच पास की रिजेक्ट ते सांगायचं, एवढं माझं काम. मन मोजण्यावर माझा विश्वास नव्हता, पण मोजण्यावर होता. त्यामुळे तू आणलेलं पहिलं पुस्तक तुझ्याआधी मीच वाचून काढलं, आणि तू म्हणालीस की नवरा पुढच्या बाकावर येऊन बसला.

प्रयोगाला दोन माणसं लागतात, एक करणारा आणि एक ज्याच्यावर करायचा तो. या दुसऱ्याला तुमच्या पुस्तकात ‘प्रयुक्त’ म्हणतात. तो शब्द तुला इतका आवडला की वर्षभर घरात मला दुसरं नाव उरलं नाही. रविवारी दाढी उरकते न उरकते तोच तू कॉलेजचं स्टॉपवॉच घेऊन समोर. आरशात बघून चांदणी गिरवा. हे आकडे उलटे म्हणा. दिवा लागला की बटण दाबा. पद्धतीबद्दल मी काही शंका काढली की तू म्हणायचीस, "प्रयुक्तानं प्रश्न विचारायचे नसतात." मीना हसून लोळायची. बाबा, तुमची पार वाट लागली, म्हणायची.

मेंदूचा तास होता तेव्हाची गोष्ट मी ऑफिसात इतक्या वेळा सांगितली आहे की लोकांना पाठ आहे. कॉलेजातला बरणीतला नमुना जुना होऊन विरला होता. मॅडमनी विचारलं, बकऱ्याचा ताजा मेंदू कुणी आणू शकेल का? वर्गातून एकच हात वर झाला, तुझा. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. मग तळमजल्यावरच्या परबवहिनी कामी आल्या. परबांची गिरणी बंद पडल्यापासून त्या घरातूनच जेवणाचे डबे देत होत्या, खाटीक त्यांच्या रोजच्या ओळखीचा. त्यांनी ॲल्युमिनियमच्या डब्यातून भेजा आणून दिला आणि तू झाकण काढून बघतच राहिलीस. त्यांना काही समजेना. "ह्येच्यात काय बघतास? कांदो-खोबरा लावन करून दितंय, खाऊन बघा."

तू तो हातात घेतलास. मला शिसारी आली होती. तू मात्र तान्हं मूल धरावं तसं धरून उभी होतीस. म्हणालीस, "यात कुठेतरी ‘राहिलं’ची एक जागा असणार. काम राहिलं, बोलायचं राहिलं, गॅस बंद करायचा राहिला. माझ्यात ती जागा मोठी असेल." मी म्हटलं, मेंदूत असे खण नसतात, तुझ्याच पुस्तकात लिहिलंय. तू म्हणालीस, "माहितीये हो. तरी."

तुझं प्रोजेक्ट त्या ‘तरी’तून निघालं.

पुस्तकातला मूळ प्रयोग सोपा आहे. माणसाला लहान लहान कामं द्यायची. काही पुरी करू द्यायची, काही मध्येच तोडायची, तीही तो त्यात रमलेला असताना. सगळं आवरलं की विचारायचं, काय काय केलंत? पुरं झालेलं मन सोडून देतं आणि अर्धं राहिलेलं धरून बसतं, त्यामुळे तोडलेली कामं जास्त आठवतात, असं पुस्तकाचं म्हणणं. तुमच्या वर्गातल्या मुलींवर ते बरोबर आलं. पण तुझं म्हणणं, हे मुलींचं झालं. जिचं प्रत्येक काम कुणी ना कुणी तोडतच असतं, दूध उतू जातं, बेल वाजते, पोर रडतं, त्या बाईचं काय? तिच्या डोक्यात तर अर्धी राहिलेली कामं खच्चून भरलेली असणार. हे कुणी मोजलंय का? मॅडम म्हणाल्या, माझ्या तरी वाचनात नाही. तुम्हीच मोजा.

कामं तू निवडलीस. वाती वळणं, तांदूळ निवडणं, मणी ओवणं, बटण शिवणं, आगकाड्यांचं कोडं, वर्तमानपत्राची पिशवी चिकटवणं, अशी बारा. त्यांतली निम्मी पुरी, निम्मी तोडायची. कुणाची कोणती तोडायची ते मी चिठ्ठ्या टाकून ठरवून दिलं, तुझा कल त्यात यायला नको म्हणून. वीस बायका घेतल्यास. आपल्या इमारतीतल्या, मागच्या चाळीतल्या, रेशनच्या रांगेत ओळख झालेल्या. दुपारी त्या येत, काम करत, चहा पीत, हसत. शनिवारी अर्ध्या दिवसाने मी घरी आलो की दारातल्या चपला बघून प्रयोग चालू आहे की संपला ते मला कळायचं.

निकाल उलटा आला. तोडलेली कामं बायकांना जास्त आठवली नाहीत. उलट पुरी केलेलीच जरा अधिक आठवली. मी गणित दोनदा तपासलं, मग तू तपासलंस. मी म्हटलं, आले तसे आले, हाही निकालच आहे. तू कागदावरची नजर न उचलता म्हणालीस, "अर्धं राहिलेलं बाईला आठवत नाही? मला अठरा वर्षं आठवत होतं." मी म्हटलं, तू तुझ्या नमुन्यात नाहीस. बरोबर तेच होतं. तू कागद उचलून आत गेलीस.

मग मीनाचा वाढदिवस आला. परबवहिनी जेवायला होत्या. जेवणं झाल्यावर त्या सवयीने उठल्या आणि मोरीत बसून ताटं घासायला लागल्या. तू लगबगीने गेलीस, "अहो, राहू द्या, राहू द्या." त्यांनी हातातलं ताट अर्धं घासलेलं तसंच खाली ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर येऊन समाधानाने माझ्याशी गावच्या घराच्या कौलांबद्दल बोलायला लागल्या. तू मात्र मोरीच्या दारातच उभी होतीस, त्या ताटाकडे बघत. मग हाक मारलीस. "अहो, इकडे या. सापडलं."

पुस्तकात लिहिलं होतं, काम तोडताना ‘थांबा’ म्हणायचं. घरी आलेल्या बाईला, त्यातून वयाने मोठ्या, ‘थांबा’ कसं म्हणणार? तुझ्या तोंडून प्रत्येक वेळी आपोआप ‘राहू द्या आता’ निघालं होतं. आणि आपल्याकडे घरच्या बाईने पाहुणीला ‘राहू द्या’ म्हटलं की काम तुटत नाही, ते संपतं. पाहुणीने हात लावला, घरच्या बाईने मान ठेवला, झालं. अर्धं घासलेलं ताट त्या दोघींच्या लेखी घासून झालेलंच असतं. तू तिथल्या तिथे परबवहिनींना विचारलंस, की त्या दिवशी अर्ध्या वळलेल्या वाती तुम्हाला नंतर कशा आठवल्या नाहीत? त्यांनी तुझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू प्रयुक्त तूच. "तां झालां मां? तुमीच म्हणालात, रवांदे म्हणान. मगे मी कित्याक डोक्यात ठेवू?"

तुझा चेहरा काय उजळला होता. बाकीची ताटं तशीच मोरीत राहिली.

आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही.

माझं म्हणणं साधं होतं. निकाल लागल्यावर सुचलेलं कारण कितीही पटलं तरी तो पुरावा होत नाही. कारखान्यात बॅच रिजेक्ट झाली की प्रत्येकाकडे एक पटणारं कारण असतं. नव्याने वीस बायका घे, चिठ्ठी टाक, काहींना ‘थांबा’ म्हण, काहींना ‘राहू द्या’, आणि फरक येतो का बघ. तू म्हणायचीस, फरक मोरीत पडला होता, तुम्ही डोळ्यांनी बघितलात. मी म्हणायचो, ते एक ताट होतं. पोळ्या लाटताना हेच, भाजी आणताना हेच. तुझ्या वर्गाची मनोरीला सहल गेली तेव्हा मुलींनी मलाही ओढून नेलं. मार्व्याहून होडी सुटली, सगळ्या गाणी म्हणायला लागल्या, आणि आपण दोघं कठड्याला टेकून नमुना किती मोठा असावा यावरून वाद घालत होतो. एक मुलगी म्हणाली, काकू, यार, निदान पाण्याकडे तरी बघा ना. तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस, "बरं, घेते वीस. पण ‘थांबा’ म्हणायला जीभ वळली पाहिजे माझी."

मी म्हटलं, मी म्हणतो.

"छान. आतून पुरुषाचा आवाज आला, थांबा, की त्या बायका कामच काय, घरचा पत्ताही विसरतील."

‘थांबा’ची पहिली चिठ्ठी गोगटे आजींना निघाली. वरच्या मजल्यावरच्या, पंच्याहत्तरीच्या. वात वळायला त्यांचा हात असा की बघत राहावं. शनिवार होता, मी आत पेपर घेऊन बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं. तू मनाचा हिय्या करून म्हणालीस, "थांबा." आजींचा हात थांबला. "का गं? चुकलं का माझं?" तुला काही बोलायची मुभा नव्हती, तू पुढचं काम पुढे सरकवलंस. सगळं झाल्यावर आजी चहा न घेता निघून गेल्या. तू रडवेली होऊन आत आलीस आणि म्हणालीस, हे असलं संशोधन मला नको.

दिवेलागणीला दार वाजलं. आजीच होत्या. "अगं, ते वातींचं राहिलंय माझं. दे इकडे." येऊन पाटावर बसल्या, राहिलेला कापूस वळून संपवला, हात झटकले, आणि मग म्हणाल्या, आता टाक चहा.

आजी गेल्यावर तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "ही एक झाली."

वातींचा तो पुंजका तुझ्या हातात होता. तू चिडली नव्हतीस, खरंच माहिती करून घ्यावी तसं विचारलंस, "तुम्हाला एक म्हणजे काहीच नाही का हो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि कुकरची शिटी झाली. तू उठून गेलीस. पुढे तो विषय निघाला नाही. काय उत्तर देणार होतो ते मला आठवत नाही, पण ते राहिलंय हे रोज आठवतं.

अकरा बायका झाल्या होत्या. अकरावी गेली त्या संध्याकाळी मीना तुझी हनुवटी धरून ट्यूबलाइटकडे वळवत म्हणाली, आई, तुझे डोळे पिवळे दिसतायत. कावीळ. आपल्या इमारतीत त्या मोसमात दोघातिघांना झाली होती आणि सगळे उसाचा रस पिऊन, पथ्य पाळून बरे झाले होते. मीही तोच हिशेब धरून होतो. तू अंथरुणावरून उरलेल्या बायकांना निरोप पाठवत होतीस की पुढच्या आठवड्यात या. मग उलट्या थांबेनात, आणि तुला हॉस्पिटलात हलवावं लागलं.

डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकाशी नेऊन सांगितलं की लिव्हर काम करत नाहीये, विष रक्तातून मेंदूत चढतंय, बाई काहीबाही बोलतील, त्याचा अर्थ लावत बसू नका. मी आत आलो तर तू विचारलंस, काय म्हणाले. तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती. सांगितलं. तू नीट ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "आधी काय जातं हो? शब्द की माणसं? बघून ठेवा. मॅडमना सांगता येईल."

कुमुद, आधी माणसं गेली. मीनाला तू तुझ्या बहिणीच्या नावाने हाक मारलीस. मॅडम भेटायला आल्या तर त्यांना विचारलंस, आपण कोणत्या मजल्यावर राहता? शब्द मात्र सगळे जागच्या जागी होते, अहो-जाहो सुद्धा. हे मी मॅडमना अजून सांगितलेलं नाही. ते माझ्याने कसं सांगवेल?

तू गेल्यापासून एक गंमत झाली आहे, तुला सांगायला हवी. जिन्यात कुणीही बाई भेटली की हळहळते, मीनाची चौकशी करते, आणि शेवटी विचारते, वहिनींचं ते राहिलंय, त्याचं काय करणार? गोगटे आजींनी विचारलं. चाळीतल्या ज्यांची नावं मला माहीत नाहीत त्यांनीही विचारलं. परबवहिनी दिवसकार्याच्या दुसऱ्याच दिवशी जेवणाचा डबा घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "वयनींचा काम अर्धा ठेवू नकात. मी बसतंय. काय करूचा तां सांगा." मी समजावलं की तुम्ही पहिल्या फेरीत होतात, एकदा जिला सगळं कळलं ती पुन्हा चालत नाही. त्यांना ते पटलं नाही. कुणाक तरी बसवा, म्हणाल्या, पण अर्धा ठेवू नकात. डबा कट्ट्यावर ठेवून डोळे पुसत गेल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघा, अख्खी इमारत माझा सिद्धांत सिद्ध करतेय.

पण असं भरून काढता येत नाही, हे तुलाही पटेल. अकरा बायकांना ‘थांबा’ आणि ‘राहू द्या’ तू म्हणालीस. उरलेल्यांना वर्गातली वीस वर्षांची मुलगी म्हणणार. तिच्या तोंडचं ‘राहू द्या’ आणि तुझ्या तोंडचं ‘राहू द्या’ एका रकान्यात मांडायचं? आणि त्या बायका आता तुझं काम म्हणून जीव ओतून करतील, प्रत्येक वात लक्षात ठेवतील. वीस आकडे होतील, पण ते तुझ्या प्रश्नाचे राहणार नाहीत. म्हणून मी मॅडमना सांगणार आहे की पहिली फेरी पूर्ण द्या, दुसरी अकरावर थांबली आहे तशीच द्या, खाली ‘अपूर्ण’ लिहा. फरक तुझ्या बाजूने दिसतो आहे, पण एवढ्या थोड्या आकड्यांवर तो योगायोगही असू शकतो. निष्कर्ष काढता येत नाही. हे लिहायला नको वाटतं, पण दुसरं काही लिहिलं तर ते वाचून सगळ्यांत आधी तूच विचारशील, हे कुठून आणलंत?

मात्र त्याखाली मी आणखी काही घालणार आहे. गोगटे आजींची हकीकत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ‘चुकलं का माझं’ आणि ‘दे इकडे’ सकट. कदाचित सभेतले कोणी विचारतील की ही एकच घटना इथे कशाला. मॅडमना सांगून ठेवतो, माझं नाव सांगा.

आता मोसंबीचं. हे मीनालाही सांगितलेलं नाही.

शेवटच्या दुपारी मी तुझ्या खाटेशी स्टुलावर बसून मोसंबी सोलत होतो. फोडीवरचा पांढरा पापुद्रा तुला चालत नसे, म्हणून एकेक फोड उकलून नुसता गर वाटीत काढत होतो. निम्मी झाली होती. तू माझ्या हातांकडे बघत होतीस. मग स्वच्छ, नेहमीच्या आवाजात म्हणालीस, "राहू द्या."

मी थांबलो. वाटी खाली ठेवली. तू डोळे मिटलेस आणि त्यानंतर काही बोलली नाहीस.

सगळी वर्षं तू मला ‘अहो’ म्हणालीस. त्यामुळे नवऱ्याला म्हणायचं ‘राहू द्या’ आणि पाहुण्याला म्हणायचं ‘राहू द्या’ तुझ्या तोंडून अगदी सारखंच यायचं. माणसं तर तू ओळखत नव्हतीस. मग ते कुणाला म्हणालीस? मला, की कोणी एक सभ्य गृहस्थ आपल्यासाठी एवढे खपतायत, बास झालं, म्हणून? कामावर असतो, समोर गोळ्यांची वजनं असतात, आणि मी हेच पुन्हा पुन्हा तपासतो. डॉक्टर म्हणाले होते अर्थ लावू नका. पण तपासायला दुसरं माझ्याकडे काही नाही.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे पाहुण्याचं काम त्या शब्दाने संपतं, आणि मग त्याच्या डोक्यात राहत नाही. परबवहिनींचं ताट संपलं, त्यांच्या वाती संपल्या. माझी मोसंबी संपलेली नाही. उरलेल्या फोडी अजून हाताला लागतात, त्यांचे पापुद्रे सुद्धा. जेवताना, सही करताना. म्हणजे ते पाहुण्याला म्हटलेलं नव्हतं. म्हणजे तू मला ओळखलं होतंस.

याला पुरावा म्हणत नाहीत, मला कळतं. कारखान्यात कुणी हे माझ्यापुढे ठेवलं असतं तर मी न बोलता परत केलं असतं. नोंद एकच, ती घेणारा मी, आणि प्रयुक्तही मीच.

पण तू विचारलं होतंस, एक म्हणजे काहीच नाही का. शिटी झाली आणि सांगायचं राहिलं. तसं नाही, कुमुद. ही एक मी ठेवून घेतली आहे.